दोनदा वाकणारी हमालीण

रविवार, १२ जानेवारी

प्रिय ढब्बू,

तुझे फोन येऊन गेले. वाजताना मी समोरच बसले होते, पण एकही उचलला नाही. अगं, अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी लोकांना जोडून दिली. आता माझे कान पेन्शनवर आहेत. तुला काय सांगायचंय ते कागदावर सांग. शाळेत सिस्टर आम्हा बोर्डिंगच्या मुलींना दर रविवारी दुपारी घरी पत्र लिहायला बसवायच्या. ‘मी मजेत आहे, काळजी नसावी’ एवढंच लिहिलं की कागद परत. म्हणायच्या, “यातून आईला तू दिसतेस का?” ती सवय मला लागली ती लागलीच.

तर आता दिसेल असं लिहिते. तुझी वरची खोली मी भाड्यानं दिली. रागावू नकोस. तू जाऊन इतका काळ झाला, खोली नुसती धूळ खात होती आणि मी जिना चढून ती पुसत होते. मुलगी तुझ्याच वयाची. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या तयार करते. संध्याकाळी येते तेव्हा नखांत पांढरं प्लास्टर अडकलेलं असतं. बोलायला कमी, पण भांडी विसळून ठेवते. मी तिला कवळी म्हणते. आधी तोंड वाकडं केलं, आता हाक मारली की ‘ओ’ देते.

तुझं ते खेळाचं जुनं यंत्र कपाटावर होतं. तिनं विचारून खाली काढलं, पुसलं, टीव्हीला जोडलं. मी म्हटलं, माझी भाची यात मोठी आहे हो, तिच्या मॅचेस इंटरनेटवर असतात. मग तिनं तुझी डिसेंबरातली मॅच लावली. तुझी ती खेळातली अगडबंब बाई पडद्यावर आली, तशी कवळीनं चहाचा कप खाली ठेवला. “ही तुमची भाची?” म्हणाली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

खेळातलं मला ओ का ठो कळलं नाही. पण एक कळलं. लहानपणी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून उडी मारायच्या आधी तू दोनदा गुडघे वाकवायचीस. मी खाली हात पसरून उभी. एक वाक, दुसरा वाक, आणि आलीस अंगावर. तुझी ती बाईसुद्धा अगदी तसंच करते. दोनदा खाली वाकते आणि मग समोरच्याला उचलून आपटते. दुसऱ्यांदा वाकली तेव्हा मी म्हटलं, “बघ, आता उचलणार.” आणि तू उचललंस! तिसऱ्यांदाही माझंच खरं झालं. कवळी माझ्याकडे बघतच राहिली. “काकू, परत एकदा सांगा,” म्हणाली. मग मी तिला चौथ्या पायरीची सगळी गोष्ट सांगितली.

आता तू मला सांग, एवढ्या चपळ सुंदर मुली त्या खेळात असताना तू ही जाडी का घेतलीस?

तुझी मावशी

मंगळवार, २१ जानेवारी

प्रिय मावशी,

खोली दिलीस ते दिलीस, निदान तिला हे सांग की खिडकीची कडी आधी वर उचलायची आणि मग ओढायची. नाहीतर ती तोडून ठेवेल. माझ्या टेबलाच्या खणातलं काही काढलं नाहीये ना तिनं? बरं, जाऊ दे. मी रागावलेली नाही. थोडी आहे.

गुडघ्यांचं वाचून मी चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता थांबले. घरी जाऊन माझ्याच जुन्या मॅचेस पाहिल्या. खरं आहे गं! मोठी उचल करायच्या आधी मी दोनदा वाकते. दर वेळी नाही, पण भीती वाटत असली की हमखास. इतक्या जणांशी खेळले, कुणी पकडलं नव्हतं. तू चहा पिता पिता पकडलंस.

आता तुझा प्रश्न. हा खेळ फक्त तीन गोष्टींचा आहे. मारणं, अडवणं, उचलणं. मारायला आलेल्याला अडवता येतं. अडवून बसलेल्याला उचलता येतं. आणि उचलायला आलेल्याला उडी मारून टाळता येतं, वरून मारताही येतं. बाकी सगळं यावरचं भरतकाम. सगळी गंमत समोरची आता काय करणार हे ओळखण्यात आहे, आणि आपण काय करणार ते तिला कळू न देण्यात. पत्त्यांसारखं, पण सेकंदाच्या तुकड्यात.

माझी ती जाडी, तिला आम्ही हमालीण म्हणतो. बाकीच्या पळतात, उडतात, लांबून आग फेकतात. ही चालते. तिला काही करायचं तर आधी जवळ जावं लागतं, आणि जवळ जाईपर्यंत मार खावा लागतो. पण एकदा पोचली की समोरचीची घाबरगुंडी उडते, कारण तिची मोठी उचल लागली तर अर्धा जीव जातो. हुकली तर हमालीण रिकाम्या हातांनी उभी राहते आणि मग तिचे हाल कुत्रं खात नाही. मला ती कॉलेजात पहिल्यांदा दिसली तेव्हाच आवडली. ती कुणासारखी दिसत होती ते सांगत नाही, तू पत्र फाडशील.

पण आता अडचण आहे. खेळ बनवणाऱ्या कंपनीनं गेल्या महिन्यात बदल केले, त्यात हमालिणीची धाव आखूड केली. आधी ती एका झेपेत पोचायची, आता एक पाऊल कमी पडतं. सगळे म्हणतात, सोड तिला, चिमणी घे. चिमणी म्हणजे सगळ्यात चपळ पोरगी. सध्या जो तो तिलाच घेतो.

आणि मार्चमध्ये या खेळाच्या क्लबची निवड आहे. संघात एकच जागा रिकामी. मिळाली तर पगारी खेळाडू होईन, बाहेरच्या स्पर्धांना जाईन. नाही मिळाली तर खेळ संपला. चष्म्याच्या दुकानाचे मालक माझ्या सुट्ट्यांना कंटाळलेत. परवा म्हणाले, “एक तर काचा घासा, नाहीतर बटणं दाबा. मार्चनंतर मला एकच उत्तर हवं.” त्यांचं चुकत नाही.

मला भीती एकीचीच आहे. तिला मी कधी पाहिलेलं नाही, ती घरूनच खेळते. नावाच्या जागी फक्त सुईचं चित्र लावते, म्हणून सगळे तिला सुई म्हणतात. तिची भालावाली आहे. भाला लांब, हमालिणीचा हात आखूड. म्हणजे मी जवळ जायच्या आतच टोचून परत. पाचातल्या चार वेळा हरते मी तिच्याशी. या वेळी मात्र तिलाही समोर येऊन बसावं लागणार.

तुझी ढब्बू

रविवार, २६ जानेवारी

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र अजून आलं नाही. पण रविवार कुणासाठी थांबत नाही.

मी खेळायला लागले! हसू नकोस. कवळी रोज जेवणाआधी अर्धा तास शिकवते. मी तुझी जाडी घेते. मला वाटायचं, म्हाताऱ्या बोटांना काय जमणार. पण एक्स्चेंजच्या बोर्डावर दोन्ही हातांनी तारा खुपसलेल्या आहेत, ते कुठे जाणार? काल यंत्राच्या सगळ्यात सोप्या पायरीवरच्या पैलवानाला आडवा केला. कवळीनं टाळ्या वाजवल्या.

ती स्वतः भाला घेतलेली बाई घेते. मला कधी देत नाही. अगदी शांत बसून खेळते. जणू दाताला पॉलिश करतेय. पडद्यावर तिच्या नावाच्या जागी एक सुई येते. मी म्हटलं, “दात करणारीला सुई कशाला गं?” तर म्हणाली, “आई शिवायची.” एवढं बोलून पुढचा गेम लावला.

तुझ्याबद्दल मात्र विचारते. “ताई हमालीण सोडणार का हो? सगळे सोडतायत.” मी म्हटलं, जिनं तिसरीतलं दप्तर सातवीपर्यंत वापरलं, तळ फाटला तर सुतळीनं शिवून वापरलं, ती सोडणार का? ती म्हणाली, “तसं असेल तर बरं.” चांगली आहे गं. तुझ्या खोलीत दिवा दिसला की मला जिन्याखालून तुलाच हाक मारावीशी वाटते. परवा मारलीसुद्धा. तिनंच ‘ओ’ दिली.

थंडी आहे. पायात मोजे घालत जा.

तुझी मावशी

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं २६ तारखेचं पत्र मिळालं. सोबत चांगली मिळाली, बरं वाटलं.

एक ठरवलंय. हमालीण सोडली. खूप विचार केला, पण धाव आखूड झालेल्या बाईला घेऊन निवडीला जाणं म्हणजे हट्ट झाला. आता चिमणीचाच सराव चालू आहे. दुकानातून आले की चिमणी, उठल्यावर चिमणी. जमतंय.

यात लपवण्यासारखं काही नाही. तुझ्या भाडेकरूनं विचारलं तर खुशाल सांग. उलट सांगच. तिलाही बरं वाटेल.

मोजे घालते.

तुझी ढब्बू

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, २१ चं जरा उशिरा. टपालवाल्यानं ते शेजारी टाकलं होतं.

निरोप पोचला. तुझं तू ठरवलंस ते विचार करूनच ठरवलं असशील. दप्तर बदललंस म्हणायचं.

इकडे विशेष नाही. स्वयंपाकघराचा नळ गळतो. नळवाला उद्या येतो म्हणतो आणि उद्या उद्याच राहतो. माझा सराव सुरू आहे. दुसऱ्या पायरीवरचा पैलवान फार उड्या मारतो.

जागा तुला मिळो एवढं म्हणायला मला कुणाची परवानगी नको. म्हणते.

तुझी मावशी

सोमवार, १७ मार्च

प्रिय मावशी,

काल निवड झाली. काल फोन उचलला असतास तर एका वाक्यात सांगून मोकळी झाले असते. आता सगळं वाच.

आधी माझी चोरी. मी हमालीण सोडली नव्हती. चिमणी एक दिवसही खेळले नाही. तुझ्या पत्रात सुईचं चित्र वाचलं आणि ती कोण ते कळलं. जिला मी सगळ्यात जास्त घाबरते ती माझ्या खोलीत झोपतेय, माझ्या मावशीच्या हातचं जेवतेय, आणि माझे गुडघे तिला ठाऊक आहेत. मग डोकं चालवलं. म्हटलं, जे तुझ्या तोंडून गेलं ते गेलं, आता तुझ्या तोंडून दुसरं काही पाठवू. तिनं सहा आठवडे चिमणीशी लढायची तयारी करावी आणि ऐन वेळी समोर हमालीण यावी. तू ‘निरोप पोचला’ लिहिलंस आणि मी खूश झाले.

शेवटच्या मॅचला आम्ही दोघीच उरलो. पाच गेम, तीन जिंकेल तिला जागा. ती येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. लहानखुरी, जाड चष्मा, डाव्या काचेला ओरखडा. दुकानात आली असती तर मी घासून दिली असती. ‘नमस्कार’ म्हणाली, एवढंच.

मी हमालीण निवडली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही नाही! पापणीसुद्धा हलली नाही. उलट खुर्ची पुढे ओढली. पहिल्या गेममध्येच कळलं की तिनं चिमणीची तयारी केलेलीच नाही. हमालिणीची कुठली धाव कुठे संपते, कुठे एक पाऊल कमी पडतं, ते तिनं बोटांवर मोजून ठेवलं होतं. मी निघाले की भाला. थांबले की भाला. कशीबशी जवळ पोचले की ती नेमकी उचलीच्या वेळी हवेत, आणि वरून लाथ. पहिला गेम गेला. दुसराही गेला.

मधे पाणी प्यायला मिळतं. क्लबचे प्रशिक्षक मागून म्हणाले, “अजूनही चिमणी घे!” घेऊ कुठून? खोटं बोलताना मी तिचा सरावही खोटाच केला होता. मनातल्या मनात तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर. आणि चिडून झाल्यावर विचारायचा तो प्रश्न विचारला. ही दर वेळी नेमकी कशी उडते?

गुडघे. तुझ्या पत्रानंतर मी ती सवय घासून काढली होती. घरी सरावात कधी दिसायची नाही. पण तिथे, त्या खुर्चीत, जिन्याची चौथी पायरी परत आली होती. दोनदा वाकत होते आणि दुसऱ्या वाकण्याला ती जमीन सोडत होती.

मग तिसऱ्या गेममध्ये मुद्दाम वाकले. एक, दोन. ती उडाली. मी उचललं नाही, दोन पावलं पुढे चालले आणि ती खाली आली तिथे हमालिणीचा खांदा उभा होता. परत वाकले, परत उडाली, परत खांदा. सभागृहात कुणीतरी हसलं. तिसरा गेम माझा. चौथाही माझा, पण जेमतेम, कारण तोवर तिला वास लागला होता.

पाचवा. दोघींचा जीव नखाएवढा उरलेला. एक फटका आणि खेळ खलास. मी भाल्याखालून कशी पोचले ते मला आता आठवत नाही. पण जवळ पोचले, आणि मावशी, भीती वाटली. खरीखुरी. आणि मी दोनदा वाकले. मुद्दाम नाही. आपोआप.

ती उडाली नाही. का उडेल? उडून उडून मार खाल्ला होता तिनं. माझं वाकणं खोटं असतं हे ती आताच शिकली होती. म्हणून पाय रोवून, भाला आडवा धरून, अडवून उभी राहिली. आणि अडवून उभ्या असलेल्याचं काय करतात?

उचललं.

जागा मला मिळाली. मालकांना आज सांगितलं. ते म्हणाले, “बटणं तर बटणं. पण माझ्या बायकोचा चष्मा करून जा.”

मॅचनंतर तिनं हात पुढे केला. मी विचारलं, “मावशी तुला काहीच बोलली नव्हती?” तर म्हणाली, “सहा आठवडे एक अक्षर नाही. विचारलं की नळाचं सांगायच्या. शेवटी विचारणंच सोडलं.” मग म्हणाली, “खोली घेतली तेव्हा मला माहीत नव्हतं हं. कळलं तेव्हा सोडायला हवी होती. पण काकूंना दुसरी पायरी पार करून द्यायची होती.”

तू तिला का सांगितलं नाहीस? सांगितलं असतंस तर मी तीन शून्यनं जिंकले असते. रागावून विचारत नाहीये. थोडं रागावून.

तुझी ढब्बू

रविवार, २३ मार्च

प्रिय ढब्बू,

पत्र दोनदा वाचलं. ‘उचललं’ला मी खुर्चीतून उठले. गुडघ्याला टेबल लागलं. जागा मिळाली, तुझं भलं झालं, डोळे भरून आले ते वेगळं. आता ऐक.

तुझी २१ तारखेची आणि ३ तारखेची पत्रं मी एकाच दुपारी वाचली. पहिल्यात सुई कोण ते लिहिलेलं. दुसऱ्यात सुईबद्दल अवाक्षर नाही, उलट ‘सांगच’ म्हणून आग्रह. दप्तर शिवणारी पोरगी एका रात्रीत चिमणी झाली हे मी क्षणभरही खरं मानलं नाही. अगं, तुझं खोटं मला तिसरीपासून वाचता येतं. तू खोटं बोलताना मोजे घालायचं कबूल करतेस.

पण खोटं नसतं तरी मी सांगितलं नसतं. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. जोडायचं, आणि कान बाहेर काढायचा. या बाजूचं त्या बाजूला आपल्या तोंडानं जाता कामा नये, मग ते लग्नाचं असो की मयताचं. गुडघ्यांचं मी बोलून बसले, तेव्हा ती माझ्यासाठी नुसती कवळी होती. ती कोण आहे कळल्यावर दोन्ही बाजूंना माझीच माणसं होती. मग मी नळाचं बोलायला लागले. निरोप पोचला असं लिहिलं, ते खरंच होतं. माझ्यापर्यंत पोचला होता. पुन्हा मला तुझी तार करू नकोस. मावशी म्हणून काय हवं ते माग.

ती त्या दिवशी घरी आली. चपला काढल्या, हात धुतले, जेवायला बसली. मला विचारायचंही कळेना आणि न विचारायचंही. दोन घास खाऊन म्हणाली, “ताई जिंकल्या.” मी म्हटलं, “हं.” मला तुझा आनंद होत होता आणि तिच्या पानाकडे बघवत नव्हतं, दोन्ही एकाच वेळी. तशी तीच म्हणाली, “काकू, तुमची भाची शेवटी खरं बोलली हो. मी तेवढीच तयारी केली नव्हती.” आणि हसली. मग उरलेलं जेवली.

खोली ती सोडते म्हणत होती. मी म्हटलं, सोडून जाशील कुठे, निवड झाली, आता इकडचं तिकडे जायची भीती गेली. पुढच्या वर्षी परत जागा निघेल, तेव्हा बघू कोण कुणाला उचलतं. राहिली. कडी आधी वर उचलून मग ओढते. तुझ्या खणाला तिनं हात लावलेला नाही, मी विचारलं.

तू पुढच्या शनिवारी ये. दोघींची झोपायची सोय करीन. वरच्या खोलीवरून भांडलात तर तिथे मी झोपेन. तिच्या चष्म्याची डावी काच घासून दे, तुझं सामान घेऊन ये.

आणि एक. परवा मी तुझ्या हमालिणीनं तिसऱ्या पायरीवरच्या पैलवानाला आपटलं. टाळ्या अपेक्षित होत्या. तर कवळी माझ्याकडेच बघत होती. “काकू,” म्हणाली, “तुम्ही पण.”

मी म्हटलं, काय मी पण?

“दोनदा वाकता. उचलायच्या आधी.”

ढब्बू, मला वाटत होतं त्या चौथ्या पायरीवर तू दोनदा वाकायचीस आणि मी खाली हात पसरून नुसती उभी असायचे. पण तुला झेलायच्या आधी मीही वाकत असणार. एकदा, दोनदा. तू वरून माझ्याकडेच बघत होतीस ना, दुसरीकडे कुठे बघणार?

तर ये. आल्यावर माझ्याशी एक गेम खेळायचा आहे. मी दोनदा वाकेन. पुढे काय करेन ते तुझं तू ओळख.

तुझी मावशी